फोनमधलं अँड्रॉइड टॉवेलच्या कारखान्यात

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझ्या दाजींचा टॉवेलचा छोटा कारखाना आहे. ऑफिसात एक जुना पीसी पडून असतो. १८.५ इंची मॉनिटर, २ जीबी रॅम, आणि विंडोज इतकं सुस्त की चहा पिऊन झाला तरी उघडत नाही. दाजींचा सगळा धंदा फोनवर: ऑर्डरी, डिझाइनचे फोटो, रंगांच्या याद्या. एकदा म्हणाले, "हे फोनचंच सगळं या मोठ्या टीव्हीवर आण की!" मॉनिटरला ते टीव्हीच म्हणतात.

तसं ते आणता येतं. फोन चालवणाऱ्या अँड्रॉइड या प्रणालीचा मूळ कोड खुला आहे, कुणीही घ्यावा आणि आपल्या यंत्राला बेतून वापरावा. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये विक्रीला आला आणि २००९ मध्येच अँड्रॉइड-एक्स८६ हा प्रकल्प उभा राहिला. इंटेल आणि एएमडीच्या प्रोसेसरवर, म्हणजे साध्या पीसीवर, अँड्रॉइड चालवायचं हे त्याचं काम. मी त्याची नववी आवृत्ती पेन ड्राइव्हवर घेतली आणि पीसी त्यावरून सुरू केला. थोड्याच वेळात मॉनिटरवर फोनचा पडदा आला. दाजी खूश. माझी डोकेदुखी तिथून सुरू झाली.

सुरू होणं सोपं होतं, कारण अँड्रॉइडच्या पोटात लिनक्स नावाची मूळ प्रणाली आहे. लिनस टॉरव्हाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्स लिहायला घेतलं ते इंटेलच्या ३८६ प्रोसेसरच्या पीसीवरच. म्हणजे पीसी हे त्याचं माहेर. कीबोर्ड, हार्ड डिस्क, ग्राफिक्स कार्ड, सगळी ओळखीची माणसं. पण फोनच्या घरात इतकी वर्षं नांदून आल्यावर सवयी सासरच्या लागलेल्या असतात.

पहिली सवय प्रोसेसरची. बहुतेक फोनमध्ये एआरएम जातीचा प्रोसेसर असतो, आणि त्याची यंत्रभाषा इंटेलला कळत नाही. मग काही ॲप पीसीवर बिनबोभाट चालतात आणि काही उघडताक्षणी बंद पडतात, असं का? दाजींना मी त्यांच्याच जकार्डचं, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचं, उदाहरण दिलं. चौकटीच्या कागदावर काढलेली नक्षी कुठल्याही मागासाठी वापरता येते. पण त्या नक्षीवरून भोकं पाडून कार्डं तयार केली, की ती तेवढ्याच हुकांच्या (धागे उचलणाऱ्या आकड्यांच्या) मशीनवर बसतात. जावा किंवा कोटलिन या प्रोग्रामिंग भाषांत लिहिलेलं ॲप हे कागदावरच्या नक्षीसारखं. ते मधल्या भाषेत येतं आणि आपल्या यंत्राची कार्डं अँड्रॉइड तिथल्या तिथे पाडून घेतं. गेम किंवा व्हिडिओच्या ॲपमध्ये मात्र वेगासाठी काही भाग सी किंवा सी++ मध्ये लिहून आधीच एआरएमची कार्डं पाडून ठेवलेली असतात. त्यांच्यासाठी इंटेलने हूडिनी नावाचा दुभाषी बनवला. तो चालत्या कामात भाषांतर करतो, त्यामुळे वेग जातो, आणि कधी अडखळतोही.

"हां, म्हणजे हुक जुळत नाहीत," दाजी म्हणाले. प्रोसेसरवर मी ऐकलेलं हे सर्वांत छोटं व्याख्यान.

दुसरी सवय मापाची. अँड्रॉइडमध्ये बटणाचं माप इंचाला १६० ठिपके धरून ठरतं. दाजींच्या मॉनिटरवर १३६६ गुणिले ७६८ ठिपके आहेत, म्हणजे इंचाला साधारण ८५. हे सेटिंग दुरुस्त केलं नाही तर प्रत्येक बटण जवळजवळ दुप्पट मोठं दिसतं. बोटासाठी ठीक, पण माउसच्या टोकदार बाणासाठी ही ऐसपैस बटणं म्हणजे नुसती जागा खाणं. माउसचं उजवं बटण दाबलं तर मेनू यावा, ही पीसीची रीत. अँड्रॉइडमध्ये बऱ्याचदा त्याने ॲप सरळ एक पाऊल मागे जातं.

सगळ्यात जास्त छळते ती विस्मरणाची सवय. फोनची मेमरी कमी आणि बॅटरी लहान, म्हणून डोळ्यांसमोर नसलेलं ॲप गरज पडली तर अँड्रॉइड खुशाल मारून टाकतं. पीसीवर आपण चार खिडक्या उघड्या ठेवतो, त्या जिवंत राहतील या भरवशावर. अँड्रॉइडमध्ये २०१६ च्या सातव्या आवृत्तीपासून दोन ॲप शेजारी-शेजारी ठेवता येतात, खिडक्या हव्या तशा ओढायची सोयही आत दडलेली आहे. मी ती चालू केली. ऑर्डरच्या ॲपमध्ये दाजींनी पार्टीचं नाव, ६० डझन, रंग वगैरे भरलं आणि खिडकी जरा रुंद केली. सगळं कोरं! खिडकीचं माप बदललं की चालू पडदा मोडून नव्याने उभा करायचा, हा अँड्रॉइडचा मूळ नियम. भरलेलं आधी जपून ठेवायची जबाबदारी ॲप लिहिणाऱ्याची, आणि याने ती घेतली नव्हती. त्याला तरी काय दोष द्यायचा? फोनवर खिडकी रुंद करतो कोण!

राहिलं डिझाइन बघायचं ॲप. ते फक्त उभ्या पडद्यासाठी लिहिलेलं. उघडलं की अख्खा पडदाच नव्वद अंशात फिरायचा आणि सगळी अक्षरं आडवी. मी सेटिंगमध्ये तासभर खटपट केली आणि वैतागून चहाला गेलो. परत आलो तर दाजींनी मॉनिटर स्टँडवरून उतरवून टॉवेलच्या दोन गठ्ठ्यांच्या मधे उभा खोचला होता आणि निवांत डिझाइन बघत बसले होते.