सांभारवडीचा कागद आणि भरकटलेला प्रकाश

परवा नागपुरात गांधीसागर तलावाकडून येताना सांभारवडी बांधून घेतली. घरी पोहोचेस्तोवर वर्तमानपत्राच्या कागदावर तेलाचा डाग पसरला होता, आणि त्या डागापुरती मागच्या पानावरची जाहिरात उलटी वाचता येत होती.

कागदाचा तंतू तसा पारदर्शकच. पण तंतूंच्या मधे हवा असते. तंतूचा अपवर्तनांक (प्रकाश त्यात किती मंदावतो याचं माप) १.५च्या आसपास, हवेचा १. त्यामुळे प्रत्येक तंतूच्या कडेला प्रकाश वळतो, उडतो, भरकटतो. कागद पांढरा दिसतो तो यामुळे. तेलाचा अपवर्तनांक सुमारे १.४७. हवेच्या जागी तेल शिरलं की प्रकाशाला कडा जाणवेनाशा होतात. दूध, ढग, भिंतीचा पांढरा रंग यांचंही तेच: प्रकाश गिळला फारसा जातच नाही, नुसता विखुरतो.

पण विखुरला म्हणजे हरवला असं नाही. विखुरणारा थर जागचा हलला नाही, तर लेसरचा तोच किरण दर वेळी त्याच वाटांनी जातो आणि पलीकडे ठिपक्यांची तीच रांगोळी उमटते. २००७ साली नेदरलँड्समधल्या ट्वेंटे विद्यापीठात इव्हो व्हेलेकूप आणि अलार्ड मॉस्क यांनी याचाच फायदा घेतला. इथल्या महाल भागातल्या वेगवेगळ्या गल्ल्यांत ढोलवाले उभे आहेत आणि सगळ्यांचा ठोका बडकस चौकात एकदमच ऐकू यायला हवा, असं समजा. मग लांबच्या गल्लीतल्याने आधी वाजवायचं, जवळच्याने थांबायचं. तसंच या दोघांनी किरणाचे पुष्कळ बारीक तुकडे केले, एकेकाला किंचित मागेपुढे केलं आणि पलीकडचा एक ठिपका उजळतोय का ते पाहिलं. पांढऱ्या रंगद्रव्याच्या थरातून तो ठिपका नेहमीच्या उजेडाच्या सुमारे १००० पट झगझगीत झाला!

अडचण एवढीच, की प्रत्येक गल्लीची लांबी आधी मोजावी लागते. इथे मेटामटेरियल कामी येतं. यात गुण पदार्थापेक्षा रचनेतून येतो. प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान खांब ठरवून रोवायचे. २०१८मध्ये अमेरिकेतल्या कॅलटेक या संस्थेच्या गटाने सिलिकॉन नायट्राइडच्या अशा खांबांची मुद्दाम विस्कळीत पट्टी बनवली. गोंधळ खराच, पण त्यांनीच आखलेला. त्यामुळे मोजणीची कटकट गेली. सुमारे ८ मिलिमीटरच्या क्षेत्रात जवळपास २२ कोटी बिंदूंपैकी हव्या त्या बिंदूवर प्रकाश एकवटता येत होता. मला यातली ही उलटी चालच सगळ्यात आवडते.

(नागपुरात बसून प्रकाशाच्या विखुरण्यावर लिहायचं आणि सी. व्ही. रमण यांचं नाव काढायचं नाही, हे बरं दिसत नाही. १९१०मध्ये ते इथे होते, पण सरकारी हिशेबखात्याच्या नोकरीत. त्यांचा गाजलेला शोध १९२८चा, कोलकात्याचा.)

२०२२मध्ये व्हिएन्ना आणि फ्रान्समधलं रेन इथल्या संशोधकांनी आणखी एक गंमत केली. चष्म्याच्या काचेवर परावर्तन टाळणारा थर असतो ना, तसाच थर त्यांनी एका विस्कळीत, म्हणजे लहरींना भरकटवणाऱ्या माध्यमापुढे उभा केला. हा थरही विस्कळीतच, पण गणिताने काढलेला. प्रयोग मायक्रोवेव्हवर, धातूच्या नळीत झाला. परत फिरणाऱ्या लहरी एकमेकींना मारून टाकतात आणि लहर आरपार जाते. मात्र हा थर त्या एकाच माध्यमाच्या मापाचा. दुसरं माध्यम आलं की गणित पुन्हा पहिल्यापासून.

हिवाळ्यात पहाटे वर्धा रोडवर उतरणाऱ्या धुक्याला यातलं काहीच चालत नाही. तिथे थेंब सतत हलत असतात. वाटा मोजून होईपर्यंत त्या बदललेल्या असतात.