शून्य नॉटिकल मैल, पण धावपट्टी अजून पुढे

‘विमानात जीपीएस असताना वैमानिकाला अप्रोच चार्ट, म्हणजे उतरण्याचा नकाशा, कशाला लागतो?’ हा प्रश्न नेहमी विचारला जातो. ‘ऑटोपायलट सगळं करतो’ या समजाचाच तो भाऊ. ६ ऑगस्ट १९९७ च्या पहाटे पॅसिफिकमधल्या ग्वाम बेटावर कोरियन एअरचं बोइंग ७४७ निमित्झ टेकडीवर आदळलं. २५४ पैकी २२८ जण दगावले. तिथला चार्ट वाचला की उत्तर मिळतं.

चार्टचं शीर्षक शेवटच्या टप्प्याला दिशा देणारं उपकरण सांगतं : आयएलएस (दिशा आणि उतरणीचा कोन देणारी रेडिओ यंत्रणा), व्हीओआर (दिशा सांगणारं जमिनीवरचं रेडिओ केंद्र), आरनॅव्ह (जीपीएससारख्या साधनांनी आखलेला मार्ग). बाकीच्या गरजा टिपांमध्ये असतात : ‘डीएमई (केंद्रापासूनचं अंतर मोजणारं रेडिओ उपकरण) आवश्यक’, ‘रडार आवश्यक’. नुसतं शीर्षक वाचणारा अर्धीच यादी वाचतो.

त्या रात्री ग्वामला उतरणीचा कोन दाखवणारा ग्लाइडस्लोप बंद होता. दिशा लोकलायझर (आयएलएसचा दिशा दाखवणारा भाग) देणार होता, पण कुठे किती खाली यायचं ते डीएमईच्या अंतरावरून ठरवायचं होतं. आणि हा डीएमई विमानतळावर नव्हता; व्हीओआरसोबत टेकडीवर होता, धावपट्टीच्या ३.३ नॉटिकल मैल अलीकडे. म्हणजे एका रिसीव्हरवर लोकलायझर, दुसऱ्यावर व्हीओआरची फ्रिक्वेन्सी. आकडा घटत शून्याजवळ येणार, मग पुन्हा वाढणार. व्हीओआर ओलांडेपर्यंत १,४४० फुटांखाली जायचं नाही, त्यानंतर ५६०. विमान प्रत्यक्षापेक्षा विमानतळाच्या जवळ आहे असा कॅप्टनचा समज झाला असावा, ही शक्यता तपास अहवालात आहे.

डीएमईला विमानतळ कळतच नाही. विमान १२ मायक्रोसेकंदांच्या अंतराने दोन स्पंदनं पाठवतं. जमिनीवरचं केंद्र ठरवून ५० मायक्रोसेकंद थांबतं आणि ६३ मेगाहर्ट्झ दूरच्या फ्रिक्वेन्सीवर उत्तर देतं. ते ५० वजा करायचे. उरलेल्या प्रत्येक १२.३६ मायक्रोसेकंदांना एक नॉटिकल मैल. ३.३ मैलांसाठी सुमारे ४१ अधिक ५०, म्हणजे ९१. एकाच वेळी कितीतरी विमानं विचारत असतात, म्हणून प्रत्येकाची विचारण्याची लय मुद्दाम अनियमित ठेवतात. स्वतःच्या लयीशी जुळणारी उत्तरं तेवढी उपकरण उचलतं. किती सुंदर युक्ती! पण हे अंतर तिरपं असतं : केंद्राच्या बरोबर डोक्यावर ६,०७६ फुटांवरही ‘१’ दिसतो.

आकडा कुठल्या केंद्राचा आहे ते नुसत्या आकड्यावरून कळत नाही, म्हणून केंद्राची मोर्स ओळख (संकेतात वाजणारं त्याचं नाव) ऐकायचीच. व्हीओआरची ओळख बंद आणि फक्त दर ३० सेकंदांनी एकदा उंच स्वर येत असेल, तर डीएमई चालू आहे, व्हीओआर नाही. ‘डीएमई होल्ड’ (डीएमईची फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारी सोय) चालू राहिला असेल तर फ्रिक्वेन्सी बदलल्यावरही जुन्याच केंद्राचं अंतर दिसत राहतं.

अमेरिकेच्या नियमांत मान्यताप्राप्त जीपीएस डीएमईच्या जागी चालतो. शेवटच्या टप्प्यात लोकलायझरच्या दिशेच्या जागी चालत नाही. डीएमईसाठी वापरतानाही डेटाबेसमधून चार्टवर छापलेलं तेच केंद्र निवडावं लागतं. धावपट्टीचा बिंदू निवडलेला राहिला, तर पडद्यावर ३.३ दिसेल तेव्हा चार्टच्या हिशोबाने शून्य असतं.