बाराव्या खेळीचा वजीर

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या तळमजल्यावर एक खोली आहे. रविवारी संध्याकाळी तिथे बुद्धिबळाचे चार-पाच पट मांडले जातात, गुंडाळून ठेवायचे ते रेक्झिनचे. मागच्या महिन्यात सातवीतल्या एका मुलाने मोबाइलवर पाहिलेला रशीद नेझ्मेत्दिनोव या सोव्हिएत खेळाडूचा डाव तिथे लावून दाखवला. बाराव्या खेळीला पांढऱ्याच्या वजिराने एफ६ वरचा (अक्षर उभ्या पट्टीचं, आकडा पांढऱ्याकडून मोजलेल्या आडव्या ओळीचा) उंट मारला आणि वजीर तिथेच मरायला सोडून दिला. "क्वीन सॅक!" म्हणजे वजिराचं बलिदान, पोरगा पटापासून लांब सरकून म्हणाला.

शेजारी नाना बसले होते. ऐंशीच्या घरातले, प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर टाकायचं आणि राजाला एकदा घोड्याची चाल मोकळी, अशा देशी पद्धतीत वाढलेले. चष्मा कपाळावर चढवून ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले.

"मात कुठाय?"

"मात नाहीये, नाना."

"मग वजीर कशापायी दिला?"

पोराला उत्तर देता आलं नाही, मलाही दोन वाक्यांत नाही. म्हणून हे टिपण.

'क्वीन' म्हणा की वजीर, मोहरं एकच. पण आपलं नाव त्याच्या मूळ कुळाला जास्त धरून आहे. शतरंजच्या जुन्या अरबी-फारसी खेळात हा राजाचा सल्लागार तिरका, तोही एकच घर सरकायचा. पटावरच्या दुबळ्या मोहऱ्यांत त्याची गणना. असा वजीर गेला काय, राहिला काय! पंधराव्या शतकाच्या अखेरीस स्पेनकडे नियम बदलले, त्याला उभं, आडवं, तिरकं हवं तितकं धावता येऊ लागलं, आणि एका फटक्यात तो पटाचा मालक झाला. आज त्याचं मोल नऊ प्याद्यांइतकं धरतात. वजीर देण्यातला थरार तेव्हापासूनचा.

त्यातही फरक आहे. ऑस्ट्रियाचा मास्टर रुडॉल्फ श्पीलमान याने बलिदानाचे लटकं आणि खरं असे दोन प्रकार सांगितले. १८५८ साली पॅरिसच्या ऑपेरागृहात पॉल मॉर्फीने सोळाव्या खेळीला वजीर दिला आणि सतराव्याला मात केली. डोळ्यांचं पारणं फिटतं, पण हा रोखीचा व्यवहार. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशरने डोनाल्ड बर्नविरुद्ध वजीर सोडला, त्याच्या बदल्यात हत्ती, दोन उंट आणि एक प्यादं वसूल केलं. तोही हिशेब पक्काच. खऱ्या बलिदानात वसुलीची तारीख ठरलेली नसते. नाना ज्यावर अडले ते हे.

पोराने लावलेला तो डाव खेळणारा रशीद नेझ्मेत्दिनोव. जन्म १५ डिसेंबर १९१२, आजच्या कझाकस्तानातल्या अक्त्यूबिन्स्कचा. जातीचा तातार. आईबाप लहानपणीच गेले. पुढचं आयुष्य व्होल्गाकाठच्या कझानमध्ये गेलं. थोरला भाऊ कावी नज्मी हा तातार भाषेतला नावाजलेला लेखक. स्वतः रशीदनेही तातार भाषेतलं बुद्धिबळाचं पहिलं पाठ्यपुस्तक लिहिलं.

बुद्धिबळाइतकाच तो रशियन ड्राफ्ट्समध्येही तयार होता, त्यातही मास्टर. मला ही गोष्ट महत्त्वाची वाटते. त्या खेळात समोरची सोंगटी मारता येत असेल तर मारावीच लागते, नाही म्हणायची सोय नाही. त्यामुळे एक-दोन सोंगट्या मुद्दाम खायला घालून प्रतिस्पर्ध्याला नको त्या घरात ओढून न्यायचं, हा तिथला रोजचा शिरस्ता. अशा माणसाचा मारल्या जाणाऱ्या मोहऱ्याकडे बघण्याचा डोळाच वेगळा असणार. हा माझा अंदाज, पण त्याचे डाव लावून बघताना तो पक्का होत जातो.

युद्धाची वर्षं सैन्यात गेली. रशियन प्रजासत्ताकाचं अजिंक्यपद पहिल्यांदा मिळालं ते १९५० मध्ये, सदतिसाव्या वर्षी. मग १९५१, १९५३, १९५७ आणि १९५८, अशी एकूण पाचदा. हे अख्ख्या सोव्हिएत संघाचं अजिंक्यपद नव्हे. तिथे तो कधी वरच्या रांगेत टिकला नाही. १९५४ मध्ये बुखारेस्टला तो कोर्चनॉयच्या पाठोपाठ दुसरा आला आणि इंटरनॅशनल मास्टर झाला, म्हणजे ग्रँडमास्टरच्या एक पायरी खाली. ग्रँडमास्टर मात्र कधीच नाही. त्यासाठी परदेशी स्पर्धा खेळाव्या लागत, आणि त्या त्याच्या वाट्याला फारशा आल्याच नाहीत. शिवाय, खरं सांगायचं तर बचाव करणं आणि बरोबरीच्या अर्ध्या गुणासाठी चिवटपणे बसून राहणं हा त्याचा पिंडच नव्हता. मिखाईल तालला मात्र त्याने निकाली डावांत तीनदा हरवलं, एकदाच त्याच्याकडून हरला. तो ताल १९६० मध्ये विश्वविजेता झाला.

वजीर त्याने याआधीही दिला होता. १९५८ मध्ये सोचीला लेव पोलुगायेव्स्कीविरुद्धचा डाव जगभर छापला जातो. वजीर सोडून त्याने पांढऱ्या राजाला पटाच्या मधोमध खेचलं, आणि शह द्यायची घाई न करता मध्येच एक उंट शांतपणे जी७ वर ठेवला. राजा पळून पळून ए५ पर्यंत गेला, तेहतिसाव्या खेळीला डाव संपला. पण तिथे निदान शिकार डोळ्यांसमोर होती.

१९६२ मध्ये डॉन नदीकाठच्या रोस्तोवमध्ये तेवढंही नव्हतं. समोर पंचविशीतला ओलेग चेर्निकोव, काळी मोहरी, सुरुवात सिसिलियन बचाव नावाची. अकरा खेळ्या झाल्या. काळ्याने उंट एफ६ वर आणून एच४ वरच्या वजिरावर रोखला. सरळ वाट अशी: वजीर एच६ वर, उंट परत जी७ वर, वजीर पुन्हा एच४ वर, उंट पुन्हा एफ६ वर. तेच ते तीनदा झालं की बरोबरी, हात मिळवा आणि जेवायला चला. काळी मोहरी घेऊन बसलेल्या तरुणाला आणखी काय हवं असतं?

पन्नाशीला टेकलेल्या रशीदने वजिराने उंट मारला. काळ्याने आधी घोड्याचा शह देऊन घोडा गमावला, मग प्याद्याने वजीर घेतला. म्हणजे नऊच्या बदल्यात एक उंट, एक घोडा. प्रत्येकी तीन धरले तर सहा.

नानांना मी पट पुढे ओढून दाखवलं ते असं. काळ्याच्या राजापुढची काळी घरं राखणारा उंट मेला. पांढऱ्याचा त्याच घरांवरचा उंट जिवंत. एफ७ आणि एफ६ वर प्यादी एकामागे एक अडकलेली, डी५ चं घर घोड्याला आंदण दिलेलं. काळा वजीर ए५ वर, राजापासून लांब. सी८ वरचा उंट आणि ए८ वरचा हत्ती अजून घरातच. पांढरा घोडा डी५ वर जातो, उंट डी४ वर, हत्ती डी३ वरून एफ३ वर. सगळ्यांचा रोख एफ६ वर. इतका की काळ्याला विसाव्या खेळीला आपला वजीर माघारी डी८ वर आणावा लागतो. नऊ प्याद्यांच्या मोलाचं मोहरं एका प्याद्याच्या पहाऱ्यावर! आणि पुढच्याच खेळीला घोडा ते प्यादं उचलतोच.

वसुली झाली ती अठ्ठाविसाव्या खेळीपासून. उंटाने एफ७ मारलं, शह. हत्तीने तो उंट घेतला. मग हत्ती एच८ वर, पुन्हा शह, अगदी राजाच्या तोंडात. राजाने तो खाल्ला. आता घोड्याने एफ७ वरचा हत्ती मारला. एका बाजूला एच८ वरचा राजा, दुसऱ्या बाजूला डी८ वरचा वजीर, दोघंही त्या एकाच घोड्याच्या टाचेखाली. काळ्याचा वजीर गेला. तेहतिसाव्या खेळीनंतर चेर्निकोवने डाव सोडला. पहिल्या वजिरानंतर अठरा खेळ्या गेल्या होत्या, आणि इतक्या लांबचं कुणी मोजून ठेवत नसतं, हे त्या खोलीत पटायला जड गेलं ते पोराला. नानांना नाही.

नेझ्मेत्दिनोव ३ जून १९७४ रोजी कझानमध्ये वारला, इंटरनॅशनल मास्टर म्हणूनच. फाळणीआधीच्या पंजाबातला खेळाडू मीर सुलतान खान याला फिडे या जागतिक बुद्धिबळ संघटनेने २०२४ मध्ये मरणोत्तर मानद ग्रँडमास्टर केलं, तसलं काही याच्या नशिबी अजून आलेलं नाही. चेर्निकोव मात्र २००० मध्ये ज्येष्ठांचा विश्वविजेता झाला आणि त्या जोरावर ग्रँडमास्टरही.

नानांनी सगळं ऐकून घेतलं, पट पुन्हा अकराव्या खेळीवर आणायला सांगितला, आणि पोराला म्हणाले, "बस. मी काळी घेतो."