घरगुती मोशन सीट

मोशन सीट : व्हर्च्युअल रिॲलिटीचा हेडसेट चढवून संगणकावरचे विमान उडवताना त्या विमानाच्या हालचालीची जाणीव अंगाला व्हावी, म्हणून मोटरांच्या जोरावर कलणारी, उचलली जाणारी किंवा थरथरणारी खुर्ची. मराठीत तिला ‘चलासन’ म्हणता येईल. पण बनवणारे आणि वापरणारे ‘मोशन सीट’ किंवा नुसते ‘रिग’ म्हणतात, म्हणून इथेही तेच शब्द ठेवले आहेत. तयार खुर्च्या बाजारात मिळतात, पण त्या महाग पडतात आणि त्यांची दुरुस्ती गावात होत नाही. त्यामुळे भंगारातली मोटारीची सीट, चौकोनी लोखंडी पाइप आणि दोन मोटरा घेऊन ती घरीच जोडण्याचा छंद रुजला. ही नोंद अशा घरी बांधलेल्या खुर्चीविषयी आहे आणि तीत घर, हवा व बाजार ग्वाल्हेरचा धरला आहे.

ग्वाल्हेर धरण्याला कारण आहे. १९८५ साली भारतीय हवाई दलाची मिराज २००० विमाने महाराजपूरच्या तळावर आली, त्यांना ‘वज्र’ हे नाव मिळाले, आणि तेव्हापासून मुरार आणि लष्कर या ग्वाल्हेरच्या वस्त्यांतल्या गच्च्यांवर वाळवणे घालणाऱ्या बायकांनाही त्यांचा आवाज ओळखीचा झाला. २६ फेब्रुवारी २०१९ रोजी बालाकोटवर गेलेली मिराज इथूनच उडाली होती. या गावातल्या मुलाला संगणकावर उडवायला विमान निवडायला सांगितले तर तो काय निवडेल हे सांगायला नको. (डीसीएस वर्ल्ड या खेळातले मिराज मात्र फ्रान्सच्या हवाई दलाचे २००० सी आहे, ग्वाल्हेरची सुधारित विमाने आतून बरीच वेगळी.) शिवाय यंत्र घरात आणून बसवण्याची हौस इथे जुनी आहे. जयविलास राजवाड्यात जेवणाच्या टेबलावर रूळ टाकून चांदीची आगगाडी पाहुण्यांपुढे फिरवणारे संस्थानकाळातले महाराज माधवराव शिंदे या छंदाचे मूळपुरुष मानायला हरकत नाही.

पूर्वज : उडायला शिकवणारी हलती बैठक जवळपास विमानाइतकीच जुनी आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आँत्वानेत विमानासाठी अर्धे कापलेले पिंप एकावर एक बसवून त्यात शिकाऊ वैमानिकाला बसवत आणि बाहेरून माणसे ते हाताने डोलवत. १९२९ मध्ये अमेरिकेत एडविन लिंक याने वडिलांच्या ऑर्गन-पियानोच्या कारखान्यातले भाते वापरून हवेवर डोलणारा शिक्षक-डबा तयार केला. १९३४ साली अमेरिकी सैन्याने टपाल नेताना बरेच वैमानिक गमावले, तेव्हा असे सहा डबे विकत घेतले गेले. आजच्या मोठ्या सिम्युलेटरखाली दिसणारे सहा पायांचे साधन १९६५ च्या स्ट्यूअर्ट यांच्या निबंधामुळे ‘स्ट्यूअर्ट प्लॅटफॉर्म’ म्हणून ओळखले जाते. खरे तर त्याआधीच एरिक गफ यांनी डनलॉप कंपनीत टायर तपासण्यासाठी तसलेच यंत्र उभे केले होते. नाव मिळाले दुसऱ्यालाच.

अंतर्कर्णाची फसवणूक : ही खुर्ची विमानाची हालचाल करून दाखवते, हा पहिला आणि सगळ्यांत महाग पडणारा गैरसमज. ती ते करूच शकत नाही. मिराज ९ जीपर्यंतचे, म्हणजे अंगाचे वजन नऊपट करणारे वळण सोसते. खोलीतल्या खुर्चीला जेमतेम चार बोटे जागा असते. खुर्ची फक्त सुरुवातीची चाहूल देते आणि उरलेले काम डोळे व कान मिळून करतात.

कानाच्या आत तोल सांभाळणारी दोन प्रकारची अवयवरचना असते. तीन अर्धवर्तुळाकार नलिका डोके वळल्याची खबर देतात, आणि कर्णाश्म नावाचे सूक्ष्म खडे डोके कुठल्या दिशेला ओढले जाते आहे ते सांगतात. या खड्यांना एक गोष्ट कळत नाही : ओढ पृथ्वीची आहे की वेग वाढल्याची. खुर्ची ७ अंश मागे कलली की अंगाच्या वजनाचा सुमारे १२ टक्के भार पाठीवर येतो. हेडसेटमध्ये क्षितिज सपाटच दिसत असेल, तर मेंदू तो भार ‘विमान पुढे झेपावले’ असा वाचतो. अट एवढीच की कलणे नलिकांच्या नकळत व्हावे, म्हणजे सेकंदाला साधारण ३ अंशांपेक्षा सावकाश. आणि एकदा चाहूल दिली की खुर्चीने तितक्याच चोरपावलांनी मधल्या जागी परतायचे, म्हणजे पुढच्या झटक्यासाठी जागा उरते. या परतीला ‘वॉशआउट’ म्हणतात. चांगल्या रिगवर बसलेल्याला खुर्ची परतल्याचे कळतच नाही.

नवशिक्यांची हटकून होणारी चूक इथेच आहे आणि ती समजावून घेण्यासारखी आहे. विमान उजवीकडे ६० अंश कलले म्हणून ते खुर्चीलाही जमेल तितकी उजवीकडे कलवतात. पडद्यावर हे बरोबर दिसते, अंगाला मात्र साफ चूक वाटते. घरातला झोपाळा आठवावा. पाटावर पाण्याने भरलेला तांब्या ठेवून संथ झोका घेतला तर पाट तिरका होऊनही पाणी सांडत नाही, कारण ओढ नेहमी कड्यांच्याच रेषेत, पाटाच्या काटकोनात राहते. नीट घेतलेल्या वळणात विमानाचे तसेच होते. ६० अंश कललेल्या, उंची राखून चाललेल्या विमानात वैमानिकाचे वजन दुप्पट होते, पण ते सरळ खाली बैठकीतच रुतते; तो बाजूला घसरत नाही. खुर्ची कलवून धरली तर तो घसरतो. म्हणजे जे विमानात घडत नाही तेच आपण घडवले! म्हणून खुर्चीला विमानाचा कल द्यायचा नसतो. द्यायचा तो कलण्याचा वेग, तोही थोडाच, आणि बाजूला जाणवणारे बल. हे बल रडर, म्हणजे शेपटीचे सुकाणू, चुकले तरच येते. हा एक बदल केल्यावर अनेकांची मळमळ थांबते, आणि मोठ्या मोटरा घ्यायचा विचारही मागे पडतो.

बांधणी : घरी सर्वांत जास्त बनते ती दोन हालचालींची खुर्ची : नाक वर-खाली आणि डावी-उजवीकडे कल. छंदिष्ट तिला ‘टू-डॉफ’ म्हणतात (डॉफ म्हणजे एक स्वतंत्र हालचाल). वर-खाली उचल धरली की तीन होतात, सहा पायांवर सहा. दोनाची खुर्ची मधोमध एका सांध्यावर तोललेली असते. तो सांधा म्हणजे गाडीच्या प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस, जो ट्रान्सपोर्ट नगरमध्ये जुना-नवा दोन्ही मिळतो. लोहिया बाजारातून ४० × ४० मिमीचा चौकोनी पाइप आणायचा, वेल्डरकडून चौकट जोडून घ्यायची, क्रॉसची खालची बाजू जमिनीवरच्या चौकटीला आणि वरची सीटच्या तळाला बसवायची. मागे दोन कोपऱ्यांत दोन मोटरा, त्यांच्या भुजा रॉड-एंड (टोकाला फिरता सांधा) लावलेल्या दांड्यांनी सीटला जोडलेल्या. दोन्ही भुजा एकदम वर गेल्या की नाक खाली जाते. एक वर, एक खाली झाली की खुर्ची बाजूला कलते.

हिशेब सोपा आहे. मोटरची भुजा ४५ मिमी आणि ती मध्यापासून दोन्हीकडे ६० अंश फिरणारी धरली, तर दांड्याला वर-खाली मिळून सुमारे ७८ मिमी चाल मिळते. मोटरा सांध्याच्या ३०० मिमी मागे असतील तर खुर्ची दोन्हीकडे सुमारे ७ अंश कलते. हे पुरेसे आहे. मोटर मिनिटाला ३,००० फेऱ्यांची आणि गिअर ५० ला १ असेल, तर भुजा सेकंदाला एक फेरी घेते, म्हणजे या टोकापासून त्या टोकापर्यंत एकतृतीयांश सेकंदात. वायपरच्या मोटरवरही खुर्ची हलते, पण वजनदार माणूस बसला की ती दमते. २४ व्होल्टची, वर्म गिअरची (स्क्रूने दातेरी चाक फिरवणारी) मोटर घेणे शहाणपणाचे. वर्म गिअरचा दुसरा गुण असा की वीज गेली तरी खुर्ची दाणकन खाली येत नाही, आहे तिथेच थबकते. कुठल्याही मोटरचा जोर मात्र भार उचलण्यात घालवू नये. माणसाचे वजन सांध्यावर बसले पाहिजे, मोटरने फक्त तोल ढळवायचा.

यापेक्षा चांगले हवे असेल तर एसी सर्व्हो (आपली जागा स्वतः राखणारी) मोटर आणि बॉलस्क्रू, म्हणजे फिरला की नटाला सरळ सरकवणारा आट्यांचा दांडा. ५ मिमी आट्याचा स्क्रू ३,००० फेऱ्यांवर सेकंदाला २५० मिमी सरकतो, आवाजही कमी. पण तिथे खर्च काही पटींनी वाढतो आणि खुर्ची माणसाला इजा करण्याइतकी ताकदवान होते.

वीज आणि मेंदू : दोन मोटरांना आर्डुइनो उनो ही छोटी नियंत्रक पाटी पुरते. त्यावर एसएमसी३ हे फुकट मिळणारे फर्मवेअर (पाटीतच राहणारा प्रोग्रॅम) चढवले की तीन मोटरांपर्यंत सांभाळ होतो. प्रत्येक भुजेवर १० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर (फिरवला की रोध बदलणारा भाग) किंवा चुंबकावरून जागा ओळखणारा हॉल सेन्सर बसवून ती कुठे आहे हे कळवायचे. पोटेन्शिओमीटर स्वस्त खरा, पण सतत मधल्याच जागी घासून झिजतो आणि मग खुर्चीला हिव भरल्यासारखे होते. मोटर चालवायला बीटीएस७९६० चिपची पाटी लावतात. तिच्यावर ४३ अँपिअर लिहिलेले असते. त्यावर विसंबू नये. ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांपलीकडे जातो, आणि गच्चीखालच्या बंद खोलीत ती पाटी पंख्याशिवाय निम्म्या प्रवाहातही तापून स्वतःला बंद करून घेते.

आणखी एक घोळ पुस्तकी आकृतीत दिसत नाही. वेगाने फिरणारी मोटर अचानक रोखली की ती क्षणभर जनित्र बनते आणि वीज उलटी पाठवते. संगणकी पॉवर सप्लाय ती गिळू शकत नाही. व्होल्टेज चढून तो बंद पडतो, नेमका झटक्याच्या क्षणी. घरातल्या इन्व्हर्टरसारख्या १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडल्या तर त्या हा उलटा प्रवाह मुकाट्याने पोटात घेतात.

विमानाची माहिती खुर्चीपर्यंत पोचवायला सिमटूल्स किंवा फ्लायपीटी मूव्हर यांसारखा मधला प्रोग्रॅम लागतो. एक्स-प्लेन हा खेळ आपले आकडे यूडीपी या नेटवर्कच्या पद्धतीने पाठवतो, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर सिमकनेक्ट या स्वतःच्या जोडणीने. वॉशआउट, गाळणी, प्रमाण सगळे या मधल्या प्रोग्रॅममध्ये ठरते. जोडणी आठवड्याभरात होते, हे आकडे जुळवायला महिने जातात.

हेडसेटची अडचण : पडद्यासमोर बसणाऱ्याला जी अडचण कधी येत नाही ती हेडसेटवाल्याला पहिल्याच उड्डाणात येते. हेडसेट डोके कुठे आहे ते खोलीच्या हिशेबाने मोजतो. डोके सांध्याच्या साधारण ८० सेंमी वर असते. खुर्ची ७ अंश कलली की ते सुमारे १० सेंमी सरकते. हेडसेटला वाटते माणूसच वाकला. मग खुर्चीच्या प्रत्येक धक्क्याला आभासी कॉकपिट अंगावर येते किंवा दूर पळते, आणि जोराच्या कलण्यात डोके काचेच्या छताबाहेर निघते. उपाय म्हणजे खुर्ची किती हलली ते वेगळे मोजून डोक्याच्या हालचालीतून वजा करणे. याला मोशन कॉम्पेन्सेशन म्हणतात आणि ओपनएक्सआर मोशन कॉम्पेन्सेशन हा फुकट प्रोग्रॅम ते काम करतो.

वजा करायचा आकडा दोन ठिकाणांहून मिळतो. सीटला चिकटवलेल्या ट्रॅकरकडून, किंवा खर्च वाचवून थेट मूव्हरकडून, म्हणजे ‘खुर्चीला इतके हलायला सांगितले आहे’ एवढ्यावरून. दुसरी वाट सोयीची, पण ती सांगितलेले खरे धरते. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली, खुर्ची थबकली आणि लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, की न झालेली हालचाल इमानेइतबारे वजा होत राहते आणि स्थिर बसलेल्या माणसाभोवती कॉकपिट डुलायला लागते. तेवढ्यावर पोट ढवळायला वेळ लागत नाही.

न हलणारे पर्याय : खुर्ची हलवण्याआधी ती थरथरवून पाहावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. सीटखाली बेस शेकर, म्हणजे कागदी शंकू नसलेला स्पीकर, स्क्रूने घट्ट बसवला की धावपट्टीचे सांधे, चाके वर गेल्याचा धक्का आणि स्टॉलआधीची (पंखांची उचल सुटण्याआधीची) थरथर अंगाला कळते. सरक मिलिमीटरच्या अंशात असल्याने वजाबाकी करायचीही गरज नसते. दुसरा पर्याय जी-सीटचा : पाठ व मांड्यांखालच्या फळ्या किंवा हवेच्या पिशव्या अंग दाबतात आणि पट्टे ताणतात. लढाऊ विमानांची अनेक व्यावसायिक सिम्युलेटरही मुद्दाम स्थिर ठेवून त्यांत अशीच बैठक वापरतात, कारण लांबलेला जी कुठलाच पाय दाखवू शकत नाही.

घर आणि सुरक्षितता : हेडसेट घातलेल्याला खुर्चीखाली गेलेले मांजर दिसत नाही, रांगणारे मूलही दिसत नाही. म्हणून भुजा व दांड्यांवर जाळी हवीच. हाताला सापडेल असे लाल मशरूम बटन मोटरांचा मुख्य प्रवाह तोडणारे असावे. नुसते आर्डुइनो बंद करणारे बटन कामाचे नाही. पोटेन्शिओमीटरची तार तुटली की मोटर आपली जागा विसरते आणि गरगर फिरत सुटते, तेव्हा दोन्ही टोकांना लिमिट स्विच लावावेत. लष्करच्या जुन्या घरांत माडीची जमीन दगडी पटियांची असते. खुर्चीचे वजन तिला जड नाही, पण रात्री अकराला वर्म गिअरची घरघर आणि शेकरचे दणके पटियांतून खालच्या बिऱ्हाडात जसेच्या तसे उतरतात. तळमजला घ्यावा, नाहीतर जाड रबराचा थर घालावा आणि तरीही वेळ पाहून उडावे.

तोल नेहमी एका माणसासाठी बसवलेला असतो. मालकाच्या जागी भाचा बसला की खुर्ची मागे झुकते, काका बसले की पुढे, आणि मोटरा उगाच कण्हतात. जुनी मोटारीची सीट तिच्या रुळांसकट घेतली असेल तर ती बोटभर पुढे-मागे सरकवून सांधा पुन्हा वजनाच्या मधोमध आणता येतो. घरातल्या प्रत्येकाची जागा रुळावर रंगाच्या ठिपक्याने खुणावून ठेवतात.