शर्यतीच्या घोड्याचे गुणांकन

शर्यतीत धावणाऱ्या घोड्याची खरी ताकद अंकात मांडण्याची पद्धत. रेसकोर्सवर यासाठी ‘रेटिंग’ हाच शब्द रूढ आहे. किती शर्यती जिंकल्या आणि बक्षिसाची रक्कम किती झाली, यावरून अव्वल घोडा ओळखता येत नाही. दुबळ्या घोड्यांमध्ये दहा वेळा पहिला आलेल्या घोड्यापेक्षा नामांकित घोड्यांमध्ये दोनदा दुसरा आलेला घोडा सरस असू शकतो. म्हणून गुणांकन करणाऱ्याला आधी हे पाहावे लागते की, याने हरवले कोणाला आणि हरलेला घोडा त्या दिवशी पूर्ण ताकदीने धावला होता का. सगळी मेख या दुसऱ्या प्रश्नात आहे.

गुणांकनाचे एकक वजन हे आहे. चांगल्या घोड्याच्या पाठीवर जास्त वजन द्यायचे, कमकुवत घोड्याच्या पाठीवर कमी, आणि सगळे एका रेषेत यावेत असा प्रयत्न करायचा, हे हँडिकॅप शर्यतीचे तत्त्व. इंग्लंडमध्ये अ‍ॅडमिरल हेन्री राउस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास या कामाला शिस्त लावली आणि वयानुसार वजनाचे कोष्टक रुजवले. तीन वर्षांचे जनावर अजून वाढीला लागलेले असते, म्हणून त्याला मोठ्या घोड्यांपेक्षा कमी वजन, घोडीलाही सवलत. दोन घोड्यांमधले अंतर ‘लेंग्थ’मध्ये, म्हणजे घोड्याच्या शरीराच्या लांबीत, मोजतात. एक लेंग्थ साधारण २.४ मीटर. पाच फर्लांगांच्या (फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग) शर्यतीत एक लेंग्थ म्हणजे सुमारे ३ पौंड, एका मैलात सुमारे २ आणि दीड मैलात सुमारे दीड पौंड धरतात. अंतर वाढेल तसा एका लेंग्थचा भाव उतरतो, कारण दमलेले घोडे शेवटी लांबलांब पांगतात.

मुंबईच्या महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसकोर्सवर रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबच्या शर्यतींतही हेच गणित चालते. इथे वजन किलोत असते आणि रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो. १९४३ पासून चालत आलेली इंडियन डर्बी मात्र हँडिकॅप नव्हे. तिथे सगळे नर सारखेच वजन घेऊन धावतात, घोडींना दीड किलोची सूट असते. भारतातले घोडे परदेशी घोड्यांशी क्वचितच भिडतात. त्यामुळे इथला अंक इथल्या घोड्यांपुरता चोख असला, तरी तो इंग्लंड-फ्रान्सच्या अंकाशेजारी ठेवून तुलना करता येत नाही.

हरलेल्या शर्यतीतूनही मोठेपण कसे सिद्ध होते, हे आयर्लंडच्या आर्कलने दाखवले. अडथळ्यांच्या शर्यतींतला हा घोडा १९६४ ते १९६६ अशी सलग तीन वर्षे चेल्टनहॅम गोल्ड कप जिंकला. १९६६ च्या हेनेसी गोल्ड कपमध्ये त्याच्या पाठीवर १७५ पौंड होते, म्हणजे सुमारे ७९ किलो. स्टॅलब्रिज कॉलोनिस्ट या करड्या घोड्यापेक्षा हे ओझे तब्बल ३५ पौंडांनी जास्त. आर्कल अर्ध्या लेंग्थने हरला. निकालाच्या पाटीवर हा पराभवच; पण स्टॅलब्रिज कॉलोनिस्ट पुढच्याच मार्चमध्ये चेल्टनहॅम गोल्ड कपमध्ये दुसरा आला आणि तोही लेंग्थभराच्या आतच मागे राहिला. देशातल्या अग्रगण्य घोड्यांच्या तोडीच्या जनावराला १६ किलो सूट देऊन त्याच्याशी जवळपास बरोबरी करणे, याहून मोठा दाखला शोधून सापडणार नाही. आयर्लंडमध्ये तर हँडिकॅपची दोन कोष्टके तयार करावी लागली, एक आर्कल धावणार असेल तर आणि दुसरे तो नसेल तर. १९४८ मध्ये फिल बुल यांनी सुरू केलेल्या ‘टाइमफॉर्म’ या संस्थेने आर्कलला २१२ गुण दिले. अडथळ्यांच्या शर्यतींत तो अंक आजही सर्वोच्च आहे. सपाट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतींची मोजपट्टी वेगळी असल्याने हे दोन अंक एकमेकांना लावायचे नसतात.

सपाट शर्यतींत टाइमफॉर्मचा सर्वोच्च अंक १४७, तो फ्रँकेलचा. प्रशिक्षक हेन्री सेसिल यांच्या या घोड्याने २०१० ते २०१२ या काळात १४ शर्यती धावून १४ ही जिंकल्या. जून २०१२ मध्ये अ‍ॅस्कटला एक मैलाच्या क्वीन अ‍ॅन स्टेक्समध्ये त्याने एक्सेलेब्रेशन या घोड्याला ११ लेंग्थने मागे टाकले. दोन पौंडांच्या हिशेबाने हे २२ पौंड झाले. एक्सेलेब्रेशनचा नेहमीचा अंक घेऊन त्यात २२ मिळवले की काम संपले, असे वाटेल. पण त्याच शर्यतीत साइड ग्लान्स हा बराच सामान्य घोडा एक्सेलेब्रेशनच्या अगदी पाठोपाठ पोचला होता. म्हणजे एकतर साइड ग्लान्स एका दिवसात फार सुधारला, नाहीतर फ्रँकेलचा पाठलाग करताना एक्सेलेब्रेशनचा दम निघाला. दुसरेच पटण्यासारखे आहे. त्यामुळे अंक ठरवताना २२ पौंड जसेच्या तसे लावता येत नाहीत.

तरीही फ्रँकेलच्या बाजूने माझ्या मते सर्वांत बोलका साक्षीदार एक्सेलेब्रेशनच आहे. तो फ्रँकेलशी पाच वेळा भिडला आणि पाचही वेळा हरला. फ्रँकेल नसताना मात्र त्याने प्रिक्स द्यु मुलँ, प्रिक्स जाक ल मार्वा आणि क्वीन एलिझाबेथ स्टेक्स या पहिल्या दर्जाच्या शर्यती मारल्या. आक्षेप घेणारे म्हणतात की, फ्रँकेल कधी ब्रिटनबाहेर गेला नाही आणि दीड मैल धावला नाही. आक्षेप खरा आहे. टाइमफॉर्मच्या यादीत १४५ गुणांनी त्याच्या मागे असलेला फ्रान्सचा सी-बर्ड १९६५ मध्ये इंग्लंडची एप्सम डर्बीही जिंकला आणि पॅरिसची आर्क द त्रिऑम्फही, दोन्ही दीड मैलाच्या, आणि आर्क तर रिलायन्स या घोड्याला सहा लेंग्थ मागे ठेवून. त्या आर्कमध्ये फ्रेंच डर्बीचा, आयरिश डर्बीचा आणि अमेरिकेच्या प्रीकनेसचाही विजेता होता. इतका तगडा मेळा क्वचितच जमतो. दोन अंकांचा फरक या दोघांमधला वाद मिटवायला पुरत नाही.

अमेरिकेत मातीचे सपाट, अंडाकृती ट्रॅक असल्याने घड्याळावर जास्त भरवसा ठेवतात. १९७३ मध्ये सेक्रेटॅरिएटने बेलमाँट स्टेक्स ३१ लेंग्थने जिंकली. त्या शर्यतीत पाचच घोडे होते आणि मुख्य प्रतिस्पर्धी शॅम त्याच्याशी सुरुवातीलाच झुंजून इतका दमला की शेवटचा आला. नुसते अंतर पाहिले तर शंका घ्यायला जागा उरते. घड्याळाने ती ठेवली नाही : दीड मैलाला २ मिनिटे २४ सेकंद. बेलमाँटमध्ये दीड मैलाला त्यानंतर कोणालाही २ मिनिटे २६ सेकंदांच्या खाली येता आलेले नाही. मात्र घड्याळही चुकते. त्याच वर्षीच्या प्रीकनेसची अधिकृत वेळ चुकीची नोंदली गेली होती. ती दुरुस्त होऊन १ मिनिट ५३ सेकंद झाली, तेव्हा २०१२ साल उजाडले होते. युरोपात तर हिरवळीचा ओलावा, चढउतार आणि जॉकींनी मुद्दाम संथ ठेवलेली चाल यांमुळे नुसती वेळ फारसे काही सांगत नाही.

सर्वांत कठीण काम वेगवेगळ्या काळांतल्या घोड्यांची तुलना. हँडिकॅपर, म्हणजे गुणांकन करणारा, आजच्या घोड्याचा अंक कालच्या घोड्यांवरून ठरवतो, कालच्यांचा परवाच्यांवरून. या साखळीत दरवर्षी थोडी चूक साचली तरी तीस वर्षांत पट्टीच सरकते. टाइमफॉर्महून वेगळ्या, अधिकृत हँडिकॅपरांच्या आंतरराष्ट्रीय क्रमवारीत असेच झाले होते. १९८६ च्या डान्सिंग ब्रेव्हला तिथे १४१ गुण होते आणि २०१२ अखेर फ्रँकेलला १४० मिळाले. जानेवारी २०१३ मध्ये १९७७ ते १९९१ या काळातले जुने अंक खाली आणले गेले. डान्सिंग ब्रेव्ह १३८ वर आला, १४० वर असलेला शेरगार १३६ वर, आणि फ्रँकेल पहिला झाला. दुरुस्तीमागचे संख्याशास्त्र समजण्याजोगे आहे. पण ती फ्रँकेल निवृत्त झाल्याबरोबर व्हावी, हे जुन्या घोड्यांवर जीव लावलेल्यांना बोचले, आणि त्यांचे ते दुःख रास्त होते.

२०२२ मध्ये अमेरिकेच्या फ्लाइटलाइननेही आंतरराष्ट्रीय क्रमवारीत १४० गाठले. पॅसिफिक क्लासिक त्याने १९ हून अधिक लेंग्थने जिंकली होती, ब्रीडर्स कप क्लासिक आठहून अधिक. फ्रँकेलइतकाच अंक, तोही अपराजितच. फक्त फ्रँकेलच्या पदरी १४ शर्यती होत्या आणि फ्लाइटलाइन सहा शर्यतींनंतर पैदाशीसाठी स्टड फार्मवर गेला.