अमेरिकेतली ती 'पडीक' जमीन पडीक नाहीये

अमेरिकेत जवळपास ६४ कोटी एकर जमीन केंद्र सरकारची, म्हणजे तिथल्या सगळ्या जनतेची आहे. देशाच्या पाव हिश्श्याहून जास्त. नेवाडा राज्याची तर साधारण ८०% जमीन अशीच. यातली नॅशनल पार्क्स सगळ्यांना माहीत असतात, पण सगळ्यात मोठा वाटा, २४ कोटी एकरांच्या वर, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट या खात्याकडे आहे आणि त्यातलं बरंचसं म्हणजे खडक, झुडपं आणि वाळवंट. त्यामुळे दर काही वर्षांनी कोणीतरी उठतं आणि म्हणतं, नुसती पडून आहे ना, मग विका, खणा, तेल काढा.

नुसती पडून आहे हेच मुळात चूक आहे.

युटाच्या वाळवंटात गुडघे टेकून जमीन जवळून बघितली तर वाळूवर एक काळपट, खडबडीत थर दिसतो. तो जिवंत असतो! सायनोबॅक्टेरिया (झाडांसारखं उन्हावर अन्न बनवणारे जीवाणू), लायकेन (दगडफूल), शेवाळ असं सगळं त्यात एकत्र नांदतं. मायक्रोकोलियस नावाचे सायनोबॅक्टेरिया पाऊस पडला की जागे होतात, ओल्या मातीतून सरकतात आणि मागे चिकट आवरणं सोडत जातात, आणि त्यांना वाळूचे कण चिकटून बसतात. या थराचा छोटासा तुकडा अलगद उचलला तर खाली बारीक धाग्यांना वाळूचे कण लोंबकळताना दिसतात, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखे. वारा सुटला तरी माती उडत नाही ती यांच्यामुळे, आणि हवेतला नायट्रोजन मातीत आणायचं काम याच थरातले काही दुसरे सायनोबॅक्टेरिया आणि लायकेन करतात, म्हणजे तिथल्या झाडांचं खत म्हणा ना.

आणि हा थर मोडायला एक चाक पुरतं. तेल शोधताना जमीन हादरवत फिरणारे जे अवजड ट्रक असतात ते तर लांबच लांब पट्टे चिरडून टाकतात. सायनोबॅक्टेरिया काही वर्षांत परत येतात, पण लायकेन आणि शेवाळाला कोरड्या जागी कित्येक दशकं लागतात, कधी शतकंसुद्धा.

मोडलेल्या थराखालची माती उडून कोलोरॅडोच्या डोंगरांवरच्या बर्फावर जाऊन बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, धुळीने मळलेला बर्फ ते शोषून घेतो आणि लवकर वितळतो. मग खालची जमीन आणि झाडं आधीच उघडी पडतात आणि जास्त पाणी हवेत जातं. २०१० साली आलेल्या एका अभ्यासानुसार बर्फ सरासरी तीन आठवडे आधी वितळतो आणि कोलोरॅडो नदीचं वर्षाचं पाणी साधारण ५% ने घटतं. या नदीवर जवळपास ४ कोटी लोक अवलंबून आहेत. ही सगळी धूळ ड्रिलिंगची नाही हे खरं, एकोणिसाव्या शतकापासूनच्या बेसुमार चराईचा त्यात मोठा वाटा आहे, पण म्हणूनच उरलेला थर तरी जपायला हवा असं मला वाटतं.

खाणींचा कायदा तर १८७२ चा आहे आणि अजून लागू आहे. या सरकारी जमिनीतून सोनं किंवा तांबं काढलं तर केंद्र सरकारला रॉयल्टी शून्य! खाण मात्र बंद झाली तरी संपत नाही. खडकातलं पायराइट (लोखंड आणि गंधकाचं खनिज) हवा आणि पाण्याच्या संपर्कात आलं की सल्फ्युरिक आम्ल तयार होतं, बॅक्टेरिया तो वेग आणखी वाढवतात आणि ते आम्ल पुढे खडकातले धातू विरघळवत सुटतं. ५ ऑगस्ट २०१५ ला कोलोरॅडोत गोल्ड किंग या जुन्या, बंद खाणीपाशी पर्यावरण खात्याची टीम काम करत असताना आतलं तुंबलेलं पाणी फुटलं, सुमारे ३० लाख गॅलन, आणि अ‍ॅनिमस नदी नारंगी झाली.

विक्री मला या सगळ्यापेक्षा जास्त खुपते, कारण बाकीचे निर्णय निदान फिरवता येतात. युटातल्या बेअर्स इअर्सचं संरक्षित क्षेत्र एका राष्ट्राध्यक्षाने २०१७ मध्ये ८५% कापलं, पुढच्याने २०२१ मध्ये परत दिलं. विकलेली जमीन अशी एका सहीने परत येत नाही. जून २०२५ मध्ये युटाचे सिनेटर माइक ली यांनी पश्चिमेकडच्या राज्यांतली लाखो एकर सरकारी जमीन विकायचा प्रस्ताव आणला होता, शिकारी, मासेमारी करणारे, गिर्यारोहक आणि त्यांच्याच पक्षातले काही जण विरोधात उभे राहिले तेव्हा कुठे तो मागे घेतला गेला.

जमीन खाजगी हातात असली की काय होतं त्याचं हे एक उदाहरण. वायोमिंग राज्यात म्यूल डिअर जातीची हरणं रेड डेझर्टपासून होबॅकपर्यंत सुमारे २४० किलोमीटर चालत जातात, दरवर्षी, त्याच वाटेने. त्या वाटेवर फ्रेमाँट लेकजवळ एक अगदी अरुंद जागा आहे जिथून हजारो हरणं जातात, आणि नेमका तिथलाच साडेतीनशे एकरांच्या आसपासचा तुकडा खाजगी होता, तिथे बांधकाम होईल अशी भीती होती. शेवटी एका संवर्धन संस्थेने पैसे जमवून तो विकत घेतला आणि राज्याच्या वन्यजीव खात्याकडे दिला, तेव्हा ती वाट मोकळी राहिली.