सीडीवरचं लेबल, गाडीतलं ऊन आणि अडखळणारी शेवटची गाणी

घरी गाण्यांची सीडी राइट करणाऱ्या बहुतेकांचा एक पक्का समज असतो: गाणी खालच्या चकचकीत बाजूला असतात, तेव्हा ती बाजू जपायची आणि वर काहीही लिहा, स्टिकर लावा, काही बिघडत नाही. हा समज बरोब्बर उलटा आहे, आणि गाडीच्या स्टीरिओत अडकलेल्या किंवा अडखळणाऱ्या निम्म्याअधिक डिस्कांची गोष्ट इथूनच सुरू होते असं माझं मत आहे.

सीडीची जाडी १.२ मिलिमीटर. ही जवळजवळ सगळी जाडी म्हणजे पारदर्शक पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचं टणक प्लास्टिक. खालून येणारा लेसर हे सगळं प्लास्टिक पार करून वर जातो आणि तिथे, लेबलच्या अगदी खाली, खरा माल असतो. घरी राइट करायच्या डिस्कमध्ये तिथे रंगद्रव्याचा म्हणजे डायचा पातळ थर असतो, त्यावर परावर्तनासाठी चांदीसारख्या धातूचा थर, आणि त्यावर लाखेसारखं एक पातळ वार्निश. बस, एवढंच! वार्निशची जाडी मायक्रॉनमध्ये मोजायची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत. खालच्या बाजूला ओरखडा पडला तर लेसरला तो फारसा दिसतही नाही, कारण प्लास्टिकमध्ये शिरताना किरणांचा झोत सुमारे ०.८ मिमी रुंद असतो आणि वर डेटाच्या थरावर पोचेपर्यंत तो दीड-दोन मायक्रॉनच्या ठिपक्यात गोळा होतो, त्यामुळे खालची धूळ, खालचे बारीक ओरखडे सगळे फोकसच्या बाहेर राहतात. वरच्या बाजूला मात्र बॉलपेनचं टोक दाबून नाव लिहिलं तर तुम्ही थेट गाण्यावरच दाब देताय.

आता लेबलचा विषय. कागदी गोल स्टिकर लावू नका असं सांगणारे लोक एक कारण हमखास देतात, की स्टिकर जरा जरी एका बाजूला सरकलं तर डिस्कचा तोल जातो आणि ती थरथरते. हे खरं आहे, पण कॉम्प्युटरसाठी. गाडीसाठी फारसं नाही, आणि ते का हे एका साध्या गणितात दिसतं. समजा स्टिकरचं वजन १ ग्रॅम आहे आणि ते मध्यापासून १ मिमी सरकून चिकटलंय. फिरताना बाहेर ओढणारं बल हे वस्तुमान गुणिले सरकलेलं अंतर गुणिले कोनीय वेगाचा वर्ग. साधी गाण्यांची सीडी वाजताना आतल्या बाजूला मिनिटाला साधारण ५०० फेरे आणि बाहेरच्या कडेला साधारण २०० फेरे अशी फिरते, कारण लेसरखालून ट्रॅक (गाणी ज्यावर लिहिलेली असतात ती गोल गोल फिरत जाणारी रेघ) सेकंदाला १.२ ते १.४ मीटर या ठरलेल्या वेगानंच सरकायला हवा. ५०० फेऱ्यांना हे बल येतं सुमारे ०.००२७ न्यूटन, म्हणजे पाव ग्रॅमच्या आसपासचं वजन. काहीच नाही. तीच डिस्क कॉम्प्युटरच्या ५२ एक्स ड्राइव्हमध्ये मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी फिरली की वेग २० पट, बल ४०० पट, म्हणजे शंभर ग्रॅमहून जास्त वजन प्रत्येक फेरीत एकदा इकडे आणि एकदा तिकडे ओढतंय. तिथे तोल हा खरोखरचा प्रश्न आहे.

मग गाडीत लेबल लावलेली डिस्क का बिघडते? ती वाकते म्हणून. आणि हे वाकणं इतकं सुंदर आहे की त्यावर जरा थांबायलाच पाहिजे.

वहीच्या पुठ्ठ्याला एकाच बाजूनं खळ लावून कागद डकवला की वाळल्यावर पुठ्ठा कागदाच्या बाजूला वळतो, हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. दोन थर एकमेकांना घट्ट चिकटलेले आहेत, त्यातला एक आक्रसतोय आणि दुसरा नाही, तर दोघांनी एकमेकांना न सोडता राहायचं कसं? एकच मार्ग, वाकायचं. आक्रसणारा थर आतल्या, छोट्या वक्रावर जातो आणि दुसरा बाहेरच्या, मोठ्या वक्रावर. १९०९ मध्ये जॉर्ज स्टोनी नावाच्या इंजिनिअरनं पोलादाच्या पट्टीवर निकेलचा मुलामा चढवून ती किती वाकते ते मोजलं आणि त्यावरून मुलाम्यातला ताण काढायचं सूत्र दिलं, ते सूत्र आजही चिप बनवणारे लोक सिलिकॉनच्या चकत्यांसाठी वापरतात. पुढे १९२५ मध्ये इंजिनिअर स्टीफन टिमोशेंको यांनी दोन धातूंच्या जोडपट्टीचं, थर्मोस्टॅटमध्ये असते तिचं, पूर्ण गणित मांडलं. स्टोनीच्या सूत्रात मजा अशी की वक्रता ही पातळ थराच्या जाडीच्या प्रमाणात वाढते आणि खालच्या जाड थराच्या जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. कागदाची जाडी ०.१ मिमी असली तरी डिस्क फक्त १.२ मिमी जाड आहे, त्यामुळे कागद जिंकत नसला तरी पुरेसा ओढतो.

आता ही जोडी उन्हात उभ्या असलेल्या बंद गाडीत ठेवा. डॅशबोर्डचा पृष्ठभाग कडक उन्हात ७० अंश सेल्सिअसच्या आसपास सहज जातो. पॉलिकार्बोनेट वितळायला किंवा मऊ पडायला ते पुरेसं नाही, त्याला १४५ अंशांच्या पुढे जावं लागतं, पण प्रसरण तर होतंच. दर अंशाला दहा लाखात सुमारे ७० भाग. तापमान ४० अंशांनी वाढलं तर ६० मिमीची त्रिज्या सुमारे ०.१७ मिमीनं वाढते. आणि कागद? कागद तापला की त्याच्यातला ओलावा जातो आणि तो आक्रसतो. म्हणजे खालचा थर पसरतोय, वरचा आवळतोय, दोघांची दिशा विरुद्ध आणि परिणाम मात्र एकच, कडा वर उचलल्या जातात. शिवाय कागद कारखान्यात बनताना त्याचे तंतू बरेचसे एका दिशेत लागलेले असतात आणि ओलाव्यानं तो तंतूंच्या आडव्या दिशेला जास्त फुगतो-आवळतो, त्यामुळे डिस्क सगळीकडून सारखी वाकत नाही, समोरासमोरच्या दोन कडा जास्त उचलल्या जातात आणि मधल्या दोन कमी, आणि फिरताना प्रत्येक फेरीत ती कड दोनदा वर आणि दोनदा खाली जाते.

गोंद थोडा मऊ असतो आणि हळूहळू सरकतो, म्हणून सूत्रातून येतं तेवढं वाकणं प्रत्यक्षात येत नाही. नाहीतर कडा मिलिमीटरांनी उचलल्या गेल्या असत्या.

ठीक आहे, वाकली अर्धा मिलिमीटर, मग काय झालं? लेसरची लेन्स वरखाली हलू शकते की. अगदी बरोबर, हलते. फोकस जेमतेम दोन मायक्रॉन इकडेतिकडे चालतो, पण लेन्सभोवती चुंबक आणि कॉइल असते आणि ती लेन्सला सतत डिस्कच्या मागे मागे नेते, अर्धा मिलिमीटर तिच्यासाठी फार नाही. खरी अडचण उंचीची नाही, तिरपेपणाची आहे, टिल्टची. डिस्क मध्ये घट्ट पकडलेली असते, साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत, आणि ट्रॅक ५८ मिमीपर्यंत जातो. या ४२ मिमीत कड ०.५ मिमी उचलली गेली तर सरासरी उतार ०.७ अंश, पण वाकणं गोलाकार असल्यामुळे उतार कडेकडे वाढत जातो आणि अगदी कडेला तो दुप्पट, म्हणजे १.४ अंश होतो. लेन्स वर गेली म्हणून हा उतार सरळ होत नाही. साध्या सीडी प्लेयरमध्ये लेन्स वर-खाली आणि आत-बाहेर हलते, वाकून तिरपी होत नाही.

आणि तिरप्या काचेतून, इथे तिरप्या प्लास्टिकमधून, निमुळता झोत गेला की अपवर्तनामुळे त्याच्या डावीकडचे आणि उजवीकडचे किरण वेगवेगळ्या कोनात वळतात, आणि वर पोचल्यावर सगळे एका बिंदूत येत नाहीत, ठिपक्याला एका बाजूला शेपूट फुटतं. प्रकाशशास्त्रात या दोषाला कोमा म्हणतात. हे शेपूट त्रिज्येच्या दिशेनं पसरतं आणि शेजारचा ट्रॅक फक्त १.६ मायक्रॉनवर असतो, म्हणजे आपला ट्रॅक वाचताना शेजाऱ्याचाही आवाज त्यात मिसळायला लागतो आणि गाणं ज्यांत साठवलंय त्या ट्रॅकवरच्या खुणा सुरू कुठे झाल्या, संपल्या कुठे, हे वेळेवर कळेनासं होतं. कोमा किती वाढणार ते तीन गोष्टींवर ठरतं: प्लास्टिकची जाडी, गुणिले लेन्सच्या न्यूमरिकल ॲपर्चरचा (लेन्स किती रुंद कोनातून प्रकाश गोळा करते तो आकडा) घन, भागिले लेसरची तरंगलांबी. सीडीला हा ॲपर्चर ०.४५ आणि तरंगलांबी ७८० नॅनोमीटर. डीव्हीडीला ०.६ आणि ६५० नॅनोमीटर. डीव्हीडी जर सीडीइतक्याच जाड प्लास्टिकमधून वाचायची असती तर तिला टिल्टचा त्रास जवळजवळ तिप्पट झाला असता, म्हणून डीव्हीडीत डेटाचा थर मध्यात आणला, ०.६ मिमीच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून. तरीही हिशोब केला तर तिला सीडीच्या सुमारे १.४ पट त्रास उरतोच. गाडीतल्या डीव्हीडीवर कागदी लेबल लावणं म्हणूनच आणखी वाईट.

आता शेवटची गाणीच आधी का अडखळतात ते कळतं. सीडी आतून बाहेर वाचली जाते, पहिलं गाणं मध्याजवळ आणि शेवटचं कडेला, जिथे उतार सगळ्यात जास्त. चुका व्हायला लागल्या तरी सुरुवातीला ऐकू येत नाही, कारण सीडीत चूकदुरुस्तीची रीड-सोलोमन पद्धत आहे आणि ती फार ताकदवान आहे, ट्रॅकवर सलग २.५ मिमी लांबीचा डेटा गेला तरी तो पूर्ण परत मिळवते. पण टिल्टमुळे चुका सगळीकडे सतत पडत राहतात, मग एक मर्यादा ओलांडली की प्लेयर आवाजाचे हरवलेले आकडे अंदाजानं भरतो, त्याही पुढे गेलं की आवाज कापतो किंवा गाणं उडी मारतं. तुमची डिस्क सकाळी नीट वाजते आणि दुपारी शेवटची दोनतीन गाणी अडखळतात, संध्याकाळी पुन्हा ठीक होतात, असं असेल तर लेसर खराब झाला म्हणून दुरुस्तीला पैसे घालवण्याआधी लेबल नसलेली डिस्क त्याच उन्हात लावून बघा.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. सीडीच्या कडेला हिरव्या मार्करनं रेघ मारली की आवाज सुधारतो अशी एक समजूत जगभर अनेक वर्षं फिरत आलेली आहे, खास त्यासाठी पेनंही विकली गेली. वाचणारा लेसर अवरक्त आहे, चूकदुरुस्तीनंतर बाहेर येणारे आकडे रेघ असो नसो तेच असतात, आणि आकडे तेच असतील तर आवाज वेगळा कुठून येणार? शाई कुठे लागते यानं फरक पडतो तो रासायनिक कारणानं, जादूनं नाही.

गाडीच्या स्टीरिओत आणखी एक अडचण असते ती म्हणजे तोंड. कॉम्प्युटरसारखा ट्रे नसतो, एक फट असते आणि आत रबरी रोलर डिस्कला पकडून ओढतो. गरम झालेल्या लेबलची कड सुटलेली असेल तर ती रोलरच्या तावडीत सापडते, कागद दुमडतो, गोंद रोलरला लागतो, आणि मग डिस्क ना आत जाते ना बाहेर येते. स्टीरिओचा स्वतःचा ॲम्प्लिफायरही आत उष्णता सोडत असतो, तेव्हा वाजत असताना लेबल थंड होण्याची काही आशा नाही.

मग नाव लिहायचं कुठे? डिस्कच्या मधल्या भोकाभोवती पारदर्शक प्लास्टिकचं कडं असतं, तिथे डाय नाही, धातू नाही, गाणीही नाहीत, सगळं रेकॉर्डिंग साधारण २२ मिमी त्रिज्येच्या बाहेर सुरू होतं. तिथे एक नंबर लिहा आणि गाण्यांची यादी कव्हरवर. पेन मऊ टोकाचं, पाण्याच्या शाईचं, सीडीसाठी म्हणून मिळतं ते. झायलीनसारख्या द्रावकाचा वास मारणारे मार्कर टाळा, द्रावक वार्निशमध्ये मुरू शकतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेनं २००३ मध्ये सीडी-डीव्हीडी सांभाळण्याबद्दल मार्गदर्शिका काढली होती, तिचाही सल्ला हाच होता, पाण्याच्या शाईचं पेन वापरा आणि दीर्घकाळ ठेवायच्या डिस्कवर स्टिकर नको. चित्रच हवं असेल तर छापण्यासाठी पांढरा थर दिलेल्या ब्लँक डिस्क घ्या, तो थर कारखान्यातच सगळीकडे सारखा दिलेला असतो. छापल्यावर मात्र एक दिवस वाळू द्या, ओली शाई रोलरला लागते. एचपी कंपनीचं लाइटस्क्राइब तंत्र, ज्यात डिस्क उलटी घालून लेसरनंच वरच्या बाजूला चित्र कोरायचे, ते यांत्रिकदृष्ट्या उत्तम होतं कारण जाडी वाढतच नव्हती, पण उन्हात चित्र फिकट व्हायचं.

स्क्रीनवर नाव दिसावं म्हणून सीडी-टेक्स्टही आहे, ते गाण्यांच्या आधीच्या लीड-इन भागात लिहिलं जातं आणि बरेच स्टीरिओ ते वाचतात. त्यात देवनागरीची सोय नाही, म्हणून नाव रोमन अक्षरांत टाका. एमपी३ च्या टॅगमध्ये देवनागरी बसते पण स्टीरिओकडे फॉन्ट नसेल तर चौकोन दिसतात, तिथेही रोमनच बरं. आणि ८० मिनिटांची डिस्क गच्च भरू नका, ६० मिनिटांवर थांबलात तर बाहेरचे सुमारे ६ मिमी रिकामे राहतात, नेमके सगळ्यात जास्त उताराचे.

ज्या डिस्कवर लेबल आधीच चिकटलंय ते ओढून काढू नका. गोंदाची पकड वार्निश आणि धातूच्या थरापेक्षा बळकट असते, कागदाबरोबर चांदी निघून येते आणि तिथली गाणी कायमची जातात. लेबल आहे तसंच ठेवून डिस्क थंड असताना कॉम्प्युटरवर कॉपी करा, ड्राइव्हचा वाचायचा स्पीड सेटिंगमधून कमीत कमी करून, कारण इथे ते ४०० पटीचं बल खरंच लागू होतं.